दहशतवाद आणि अण्वस्त्रप्रसार : कोणता धोका आधी?

१९९८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कॉलेजची परीक्षा आटोपून मी सुटीत गावी आलो होतो. ११ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. त्या दिवशी संध्याकाळी बातमी आली की, राजस्थानात पोखरण येथे भारताने अणुस्फोट केले. आमच्या गावात पेढे वाटले गेले, मुलांनी दिवाळीचे उरलेले फटाके उडवले. पुढे १३ मे रोजी आणखी स्फोट झाले आणि पाराभोवती दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. मग २८ मे उजाडला. पाकिस्ताननेही बलुचिस्तानातल्या चगाईच्या डोंगरात स्फोट केले आणि ३० तारखेला आणखी एक केला. पार एकदम गप्प झाला.

आमच्या गावचे निवृत्त गुरुजी तेवढे बोलले. ते म्हणाले, "अरे, तू कॉलेजात शिकतोस ना? मग सांग, सतरा दिवसांत कुणी बाँब तयार करतो का? म्हणजे तो आधीपासून तयारच होता. मग तो त्यांना आला कुठून? आणि ज्यांना हे माहीत होते, त्यांनी तो अडवला का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे राज्यशास्त्र शिकलो, ते शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की गुरुजींनी सहज विचारलेल्या त्या दोन प्रश्नांभोवती जगातल्या मोठमोठ्या मुत्सद्द्यांचे वाद फिरत आहेत. त्याच प्रश्नांची उत्तरे आज आपण मिळून शोधू या.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करतो. बाँब आहे त्या देशांपुरताच राहावा, नव्या देशांच्या हाती तो जाऊ नये, या प्रयत्नाला अण्वस्त्रप्रसारबंदी म्हणतात. यासाठी १९६८ साली एक करार झाला आणि १९७० साली तो अमलात आला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला, ती अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन ही पाच राष्ट्रे अण्वस्त्रधारी मानायची आणि बाकीच्यांनी बाँब न करण्याचे वचन द्यायचे, असा तो करार. आधी आले ते पंक्तीत बसले, उशिरा आलेल्यांना ताट नाही, असला हा भेद आहे, म्हणून भारताने त्यावर सही केली नाही. पाकिस्तान आणि इस्रायल यांनीही केली नाही. दुसरा शब्द दहशतवादविरोध. निरपराध माणसे मारून सरकारला वाकवू पाहणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त, असा त्याचा साधा अर्थ.

वरवर पाहता ही दोन्ही कामे एकाच दिशेची वाटतात. दहशतवादी नकोत आणि बाँबही पसरायला नको, यात वाद कसला? वाद असा आहे, की टोळ्यांचा बंदोबस्त करायला ज्या देशाची मदत लागते, तोच देश कधी कधी बाँब करीत असतो, नाही तर बाँबची यंत्रे विकत असतो. मदत हवी तर त्याच्या बाँबकडे डोळेझाक करावी लागते. बाँबबद्दल दटावावे, तर मदत जाते. अशा वेळी आधी काय पाहायचे?

हे नीट समजण्यासाठी बाँब कशाने होतो तेवढे थोडक्यात पाहिले पाहिजे. घाबरू नका, यात अवघड काही नाही. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये दोन प्रकारचे अणू मुख्यतः असतात. एक किंचित जड, एक किंचित हलका. फुटून ऊर्जा देण्याच्या कामाचा तो हलका. पण हजार अणूंमध्ये हे कामाचे अणू सातच सापडतात. वीज करायची तर त्यांचे प्रमाण शेकडा तीन ते पाचपर्यंत न्यावे लागते, बाँब करायचा तर शेकडा नव्वदच्या आसपास.

हे निवडायचे कसे? आपल्याकडे दूध संघात मलई काढायचे यंत्र असते ते आठवा. दूध गरगर फिरवले की जड भाग बाहेरच्या बाजूला जातो आणि हलकी मलई मध्यभागी जमते. युरेनियमचा वायू करून तो अशाच, पण मिनिटाला पन्नास-साठ हजार फेरे घेणाऱ्या उभ्या नळ्यांत फिरवतात. जड अणू कडेला जातात, हलके मध्याकडे राहतात. एका नळीत फरक अगदी थोडा पडतो, म्हणून अशा हजारो नळ्या एकमेकींना जोडून साखळी करतात.

शिक्षक बंधुभगिनींनी एक हिशेब फळ्यावर जरूर करून दाखवावा. हजार दाण्यांत सात दाणे चांगले आहेत असे समजा. त्यांचे प्रमाण शेकडा चार करायचे, तर सात चांगल्या दाण्यांमागे एकूण दाणे राहिले पाहिजेत १७५. म्हणजे ८२५ दाणे वेचून बाहेर टाकले. आता शेकडा नव्वदच्या जवळ जायचे, तर सातामागे एकूण आठ दाणे उरले पाहिजेत. म्हणजे आणखी १६७ दाणे काढायचे. तेव्हा बघा, विजेच्या इंधनापर्यंत येतानाच बहुतेक निवडणे होऊन गेलेले असते. प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, पण तात्पर्य हेच. "आम्ही फक्त विजेसाठी करतो" असे म्हणणाऱ्या देशाकडेही जग संशयाने का पाहते, त्याचे कारण यात आहे. आणि जो कोणी या नळ्यांचे नकाशे विकतो, तो एका परीने बाँबचाच रस्ता विकत असतो.

आता गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पाकिस्तानला बाँब आला कुठून?

अब्दुल कादिर खान हे नाव आपण ऐकले असेल. त्यांचा जन्म १९३६ साली भोपाळला झाला. १९५२ साली ते पाकिस्तानात गेले आणि पुढे धातुशास्त्र शिकायला युरोपात. १९७२ पासून हॉलंडमध्ये ते अशा एका संस्थेत काम करीत होते, जिचा संबंध युरेनियमच्या याच फिरत्या नळ्यांशी होता. १९७४ साली भारताने पोखरणला पहिला स्फोट केला, तेव्हा खान यांनी पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांना पत्र लिहून आपली सेवा देऊ केली. १९७५ च्या अखेरीस ते मायदेशी परतले ते रिकाम्या हातांनी नव्हे. नळ्यांची माहिती, त्यांचे भाग बनवणाऱ्या युरोपातल्या कारखान्यांचे पत्ते, सारे त्यांच्याजवळ होते. रावळपिंडीजवळ कहुटा येथे प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे हॉलंडच्या न्यायालयाने १९८३ साली त्यांना गैरहजेरीत चार वर्षांची शिक्षा सुनावली. पण समन्स नीट बजावले गेले नाही, या मुद्द्यावर ती रद्द झाली.

म्हणजे माहिती युरोपातून गेली, यंत्रेही बरीचशी युरोपातल्या व्यापाऱ्यांकडून गेली. आता दुसरा प्रश्न. माहीत असणाऱ्यांनी अडवले का नाही?

खरे म्हणजे सुरुवातीला अडवले. एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेने आपल्या कायद्याप्रमाणे पाकिस्तानची मदत तोडली. पण त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि सारा रंगच पालटला. रशियाशी लढणाऱ्या अफगाण टोळ्यांना हत्यारे पोचवायची, तर वाट पाकिस्तानातूनच होती. २६ डिसेंबर १९७९ रोजी अध्यक्ष कार्टर यांचे सल्लागार ब्रेझिन्स्की यांनी त्यांना एक टिपण दिले. आता पाकिस्तानबद्दलचे आपले संरक्षणाचे धोरण अण्वस्त्रप्रसारबंदीच्या धोरणाने ठरू देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. हे लिहिताना त्यांना खेदही वाटत होता, आणि तसा शब्द त्या टिपणात आहे. म्हणजे काय गमावतो आहोत हे त्यांना कळत नव्हते, असे नाही. कळत असून त्यांनी ते पत्करले.

कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले. पाकिस्तानचे जनरल झिया यांनी "हे तर शेंगदाणे!" म्हणून ते नाकारले. गंमत अशी, की कार्टर यांचे घराणेच भुईमूग पिकवणारे. पुढे रेगन अध्यक्ष झाले आणि १९८१ साली सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरांची मदत ठरली.

अमेरिकेच्या संसदेतले सारेच गप्प बसले असे मात्र नाही. १९८५ साली एक दुरुस्ती मंजूर झाली. पाकिस्तानकडे अणुबाँब नाही, असा दाखला अध्यक्षांनी दर वर्षी लेखी द्यावा, तरच मदत मिळेल, असा तिचा नियम होता. सिनेटर प्रेसलर यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९८७ साली फिलाडेल्फियात एक व्यापारी या नळ्यांना लागणारे खास पोलाद पाकिस्तानसाठी खरेदी करताना पकडला गेला. तरीही त्या वर्षीचा दाखला दिला गेला. अफगाण युद्ध चालू होते ना! १९८९ च्या फेब्रुवारीत रशियाचे सैन्य परतले. आणि १९९० च्या ऑक्टोबरात अध्यक्ष बुश यांना एकाएकी तो दाखला देता येईना. मदत थांबली, पैसे भरलेली विमाने अडकून पडली. गरज सरो नि वैद्य मरो, असे पाकिस्तानी लोकांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही. आणि हेही खरे, की तोपर्यंत कहुटाच्या नळ्यांनी आपले काम साधले होते.

इथे आपल्या महाराष्ट्राचा एक संबंध सांगितला पाहिजे. तारापूरची अणुवीज आपल्याला परिचयाची आहे. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, १९६९ साली तिथे वीज निर्माण झाली, आणि इंधन तीस वर्षे अमेरिकेने पुरवायचे ठरले होते. पण भारताने १९७४ साली स्फोट केला आणि अमेरिकेने १९७८ साली नवा कडक कायदा केला. त्यामुळे तारापूरच्या इंधनाला अडथळे आले. अखेर १९८२ साली फ्रान्सने ते पुरवावे असा मार्ग निघाला. ज्या वर्षांत तारापूरच्या भट्ट्यांना इंधन मिळण्याची पंचाईत होती, त्याच वर्षांत कहुटाकडे डोळेझाक होत होती. आपल्या लोकांना याचा राग आला, तो स्वाभाविक होता.

परंतु न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगतो. १९७४ च्या स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या ज्या अणुभट्टीतून आले, ती कॅनडाच्या मदतीने उभारलेली होती आणि शांततेच्या कामासाठी दिलेली होती. आमचा स्फोट शांततेसाठीच आहे, असे भारताने म्हटले. कॅनडाला ते पटले नाही आणि त्याने अणुसहकार्य थांबवले. भारताने आपले ज्ञान कुणाला विकले नाही, हा मोठा फरक आहेच. पण दुसऱ्याचा नियमभंग मोजताना आपल्याकडेही बोट दाखवणारे आहेत, हे शिक्षकाने मुलांपासून लपवू नये.

आता तोच खेळ दुसऱ्यांदा कसा झाला ते पाहू. १९९८ च्या स्फोटांनंतर अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांवरही निर्बंध घातले. मग ११ सप्टेंबर २००१ आला. न्यूयॉर्कचे उंच मनोरे कोसळले, जवळजवळ तीन हजार माणसे मेली. हल्ला करणारी अल् कायदा संघटना अफगाणिस्तानात दडली होती. पुन्हा वाट पाकिस्तानातूनच! २२ सप्टेंबर रोजी, म्हणजे अकरा दिवसांत, अणुस्फोटांमुळे घातलेले निर्बंध उठवले गेले. ते भारतावरचेही उठले, हे खरे, पण घाई कशाची होती ते उघड होते.

आणि गंमत नव्हे, भयंकर गोष्ट अशी की, दोन्ही धोके एकत्र येण्याची खूण तेव्हाच दिसली होती. पाकिस्तानच्या अणुखात्यातून निवृत्त झालेले सुलतान बशीरुद्दीन महमूद हे शास्त्रज्ञ २००१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आदल्याच महिन्यात, ओसामा बिन लादेनला भेटून आले होते. पुढे त्यांना ताब्यात घेऊन चौकशी झाली. त्या भेटीतून कुणाला बाँब मिळाला नाही. पण टोळीवाला आणि अणुशास्त्रज्ञ एका बैठकीला बसू शकतात, हे जगाला कळले.

दरम्यान खान यांचा धंदा वेगळ्याच थराला गेला होता. आधी ते आपल्या देशासाठी खरेदी करीत, पुढे ते विक्री करू लागले. इराण, उत्तर कोरिया आणि लिबिया ही गिऱ्हाइके. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले एक जहाज इटलीतल्या तारांतो बंदरात वळवण्यात आले. त्यावर या नळ्यांचे भाग निघाले. ते मलेशियातल्या एका कारखान्यात बनवून दुबईमार्गे चालले होते. डिसेंबरात लिबियाने आपला बेत सोडल्याचे जाहीर केले आणि कागदपत्रे हवाली केली. त्यांत बाँबचे नकाशेही होते, आणि ते इस्लामाबादच्या एका शिंप्याच्या दुकानाच्या पिशवीत घालून आले होते, असे वर्तमानपत्रांनी छापले. कपडे शिवून आणावेत, तसा बाँब!

४ फेब्रुवारी २००४ रोजी खान यांनी टेलिव्हिजनवर कबुली दिली आणि सारा दोष स्वतःवर घेतला. दुसऱ्याच दिवशी जनरल मुशर्रफ यांनी त्यांना माफी दिली. खान यांना घरात नजरकैदेत ठेवले, पण बाहेरच्या तपासनीसांना त्यांची समोरासमोर चौकशी करू दिली नाही. अमेरिकेने ती माफी मुकाट्याने मान्य केली. त्याच वर्षी जूनमध्ये तिने पाकिस्तानला आपल्या खास मित्रराष्ट्रांच्या यादीत बसवले.

हे योग्य झाले का? वादाचे मूळ इथे आहे, तेव्हा दोन्ही बाजू ऐकून घेऊ.

एक पक्ष म्हणतो, दुसरे काय करणार? अल् कायदा हा आजचा शत्रू होता, उद्याचा नव्हे. घराला आग लागली असताना विहिरीच्या मालकीचा वाद घालीत बसत नाहीत. मुशर्रफ यांच्यावर डिसेंबर २००३ मध्ये दोनदा प्राणघातक हल्ले झाले होते. त्यांना फार ताणले असते आणि सरकार कोसळले असते, तर तयार बाँब कुणाच्या हाती गेले असते? शिवाय खान यांचे जाळे उघडे पडले, मालाची वाट बंद झाली, हे काय थोडे झाले?

दुसरा पक्ष म्हणतो, टोळीच्या हाती बंदूक असेल तर ती शेकड्यांनी मारील. तिच्या हाती अणुबाँब गेला, तर एक शहर जाईल. मग मोठा धोका कोणता? एवढा व्यापार एकट्या माणसाने सरकार आणि लष्कर यांच्या नकळत केला, हे कुणाला खरे वाटेल? मुळापर्यंत तपास झाला नाही, म्हणून कुणी काय विकले आणि कुणी काय घेतले, याचा पुरता हिशेब लागला नाही. आणि माफीने सर्वांना धडा काय मिळाला? आपली गरज असली, की गुन्हा खपतो.

आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात हेच. आणि पुढच्या घटना पाहिल्या, तर त्यांच्या पारड्यात वजन पडते, असे माझे मत आहे. इराणच्या फिरत्या नळ्यांची सुरुवात खान यांच्या जाळ्यातून गेलेल्या नकाशांनी आणि भागांनी झाली. त्यावरून तेव्हापासून चाललेला तंटा जगाने पाहिला आहे. २०१५ साली करार झाला, २०१८ साली अमेरिका त्यातून बाहेर पडली, आणि जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिका यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. उत्तर कोरियाने २००६ साली पहिला स्फोट केला. तो प्लुटोनियमचा होता, पण युरेनियमच्या रस्त्यावरही त्याला खान यांच्या नळ्यांचे साहाय्य झाले. आणि ज्या मैत्रीसाठी हे सारे खपवून घेतले, तिचे काय? २ मे २०११ रोजी बिन लादेन सापडला तो अफगाणिस्तानच्या गुहेत नव्हे, पाकिस्तानात अबोटाबादला, लष्करी अकादमीच्या जवळच्या एका घरात!

मात्र, यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये, की बाँबचा संशय आला रे आला की सैन्य घुसवावे. तीही चूक जगाने केली आहे. इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत आणि ती दहशतवाद्यांच्या हाती जातील, असे सांगून मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली. नंतर अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ साली अहवाल दिला, की अशा अस्त्रांचे साठे तिथे नव्हते. एका ठिकाणी डोळ्यांसमोर होते ते पाहायचे नाही, दुसऱ्या ठिकाणी नव्हते ते पाहायचे, असा प्रकार झाला. दोन्हींच्या मुळाशी दोष एकच. काय करायचे ते आधी ठरले आणि पुरावा त्याला साजेसा वाचला गेला.

आता आपल्या दाराशी येऊ. हा वाद वॉशिंग्टनमधल्या दिवाणखान्यात संपत नाही. त्याची किंमत कुठे मोजली जाते, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी तीन दिवस मुंबई वेठीला धरली. १६६ माणसे गेली. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना हल्लेखोर कसाबची बंदूक पकडून धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले.

त्यानंतरच्या तासाला माझ्या वर्गातला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपण त्यांच्यावर हल्ला का नाही केला?" त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या मामाचे मुंबईत रोजचे जाणे-येणे त्याच स्टेशनावरून होते, हे मला मागाहून कळले.

मी त्याला सांगितले ते असे. दोन्ही देशांकडे बाँब असला, की मोठे युद्ध पेटवताना दोघेही दचकतात. हे एका अर्थाने चांगलेच. पण या दचकण्याचा फायदा घेऊन एखादा देश टोळ्यांना मोकळीक देऊ शकतो. टोळीने यावे, मारावे, आणि उत्तर द्यायला निघालेल्याला बाँबची आठवण करून द्यावी. पावसात छत्री धरावी, तसा बाँब डोक्यावर धरून खालून दहशतवाद चालतो. त्या वेळचे आपले परराष्ट्रसचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की तेव्हा त्यांना स्वतःला ताबडतोब प्रत्युत्तर द्यावे असे वाटत होते, पण मागे वळून पाहता संयमाचा निर्णयच योग्य होता. जगाचे लक्ष हल्ल्यावर राहिले, दोन देशांच्या भांडणाकडे वळले नाही, असे त्यामागचे एक कारण.

सर्वांनाच ते पटत नाही. गेल्या काही वर्षांत भारताचे धोरण बदलत गेले, हे आपण पाहिले आहे. २०१६ साली उरीनंतर, २०१९ साली पुलवामानंतर, आणि २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यावर मे महिन्यात, भारताने सीमेपलीकडे हल्ले केले. पहलगामच्या मृतांत आपल्या महाराष्ट्रातलेही पर्यटक होते. मे २०२५ मध्ये चार दिवस दोन्ही बाजूंनी मारा झाला आणि १० मे रोजी तो थांबला. बाँबच्या धमकीला आता भीक घालणार नाही, असे पंतप्रधानांनी त्यानंतर सांगितले. छत्रीच्या काठाकाठाने का होईना, उत्तर देता येते, असे या धोरणाचे समर्थक म्हणतात. प्रत्येक वेळी आपण कड्याच्या थोडे अधिक जवळ जातो, असे टीकाकार म्हणतात. दोघांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. पण ही छत्री १९८० च्या दशकात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, शिवली गेली, ही गोष्ट दोघांनीही विसरू नये.

तेव्हा गुरुजींच्या प्रश्नांचे उत्तर आता देता येईल. बाँब युरोपातल्या माहितीतून आणि व्यापाऱ्यांच्या लोभातून आला. आणि अडवला गेला नाही, कारण अडवू शकणाऱ्याला त्या वेळी दुसरे काम अधिक निकडीचे वाटले. त्याला ते खरोखरच निकडीचे होते, यातही खोटे नाही. पण निकडीचे काम दहा वर्षांत संपले आणि बाजूला ठेवलेला धोका चाळीसहून अधिक वर्षे पुरून उरला. आज घाईचे काय, आणि उद्या न फिरणारे काय, यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. टोळी आज ना उद्या मोडता येते. बाँबचे ज्ञान एकदा बाहेर पडले, की ते परत पेटीत बंद करता येत नाही. म्हणून माझ्या मते, दहशतवाद्यांशी लढताना कुणाचीही मदत घ्यावी, पण तिच्या मोबदल्यात अण्वस्त्रांचा नियम विकू नये. मित्रासाठी तो वाकवला, तर शत्रूपुढे ताठ उभा करता येत नाही.

यात आपण खेड्यापाड्यांतल्या माणसांनी काय करायचे, असे कुणी विचारील. आपण करार करीत नाही, पण बातम्या ऐकतो, मते बनवतो, मत देतो. एखादा देश, आपला असो की परका, "संरक्षणासाठी हे करावेच लागले" असे म्हणेल, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. या कामासाठी कोणता दुसरा धोका बाजूला ठेवला? तो किती दिवसांसाठी? आणि त्याचे बिल पुढे कुणाच्या दारात येणार? शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी हे प्रश्न वरच्या वर्गांना जरूर घालावेत. मुले उत्तरे चुकतील, हरकत नाही. प्रश्न विचारायची सवय लागली, तरी पुष्कळ झाले.

आमचे गुरुजी आता नाहीत. त्यांचे प्रश्न मात्र मी दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात घालतो, आणि सतरा दिवसांचा हिशेब फळ्यावर मांडतो.